उजवा पाय

जहाजासाठी पूल वर गेला होता आणि आमची व्हॅन रांगेत तिसरी उभी होती. मागच्या बाकावरून मार्लो म्हणाली, "ब्रिन, तू लेहटो तर करत नाहीयेस ना?" कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू अर्ध्यातच तुटलं, कोपर मारून गप्प करावं तसं. मी समोर बघत राहिले. खनिज भरून निघालेलं जहाज पुलाखालून चाललं होतं, इतकं लांब की ते पुढे सरकतंय की अख्खं डलूथ मागे सरकतंय हे कळू नये. आमच्या शहरात पुलाला कुणी शिव्या देत नाही. उशिरा पोचलेल्या माणसानं नुसतं 'पूल' म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. पण त्या दिवशी मला ते जहाज लवकर संपायला हवं होतं. मला व्हॅनच्या आरशात मागे बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. बघितलं असतं तर मला सगळ्यांचे चेहरे दिसले असते, आणि सगळ्यांना माझे डोळे.

लेहटो म्हणजे मी. लग्नाआधीची मी. आता कॉलेजातल्या ऑफिसच्या दारावर काइसा प्रुइट अशी पाटी आहे, त्याखाली मुख्य प्रशिक्षक, ट्रॅक आणि क्रॉस कंट्री. पाटी ऑगस्टमध्ये लागली, तिच्या कडेचा चिकट कागद अजून निघालेला नाही. पहिल्या वर्षाच्या मार्लोला ते माहीत असायचं कारण नव्हतं. चौथ्या वर्षाची जोसी, आमची कॅप्टन, तिला माहीत असावं. कोपर तिचंच असणार. पळणाऱ्यांच्या संघात असं होतंच. चार वर्षांत पिढी बदलते, माणसं जातात आणि नावं रस्त्यांना, टेकड्यांना, फजितीला चिकटून राहतात. आमच्याकडे डेनिसची टेकडी आहे. डेनिस कोण, कुणाला ठाऊक नाही. मी इथं पळत होते तेव्हाही नव्हतं. डेनिस कधीतरी तिथं पडली असेल, नाहीतर जिंकली असेल, नाहीतर एखाद्या मुलाला तिथं भेटत असेल. तशी मी. फक्त मी टेकडी झाले नाही, क्रियापद झाले. जखम लपवून पळणं म्हणजे लेहटो करणं. मार्लोच्या आवाजात ते कौतुक होतं की टिंगल, हे मी जहाजाचं शेपूट दिसेपर्यंत ठरवू पाहत होते. मग भोंगा वाजला, पूल खाली आला, आणि ब्रिनचं उत्तर मला ऐकूच आलं नाही. तिनं उत्तर दिलं होतं की नाही, तेही माहीत नाही.

ब्रिन झुपान. खाणींच्या भागातून आलेली, बारीक, गप्प, संघात दुसरी. शनिवारी विभागीय शर्यत होती. पहिले दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होते, आणि ब्रिन पळाली तर आम्ही त्यांत बसत होतो. नाही पळाली तर नाही. इतकं ते सरळ होतं. माझा करार एका वर्षाचा होता. क्रीडाप्रमुख बाईंनी नेमणुकीच्या वेळी हसत सांगितलं होतं, "वर्षभर बघू या, काय?" आणि तेव्हापासून त्या जिन्यात भेटल्या की मी पोट आत घेते, बाळंतपण झालेलं दिसू नये म्हणून, जणू त्यांना माहीत नाही. आणि त्या दिवशी वाळूच्या दांड्यावरच्या रस्त्यानं मुली पळत असताना मी सायकलवर मागे होते (मी आता पळत नाही), तेव्हा मला ब्रिनचा आवाज ऐकू आला होता. पावलांचा आवाज. प्रत्येकीचा वेगळा असतो. डोळे मिटले तरी मी सांगू शकते कोण कुठं आहे. ब्रिनची पावलं एरवी पडत नाहीत, नुसती टेकतात. त्या दिवशी उजवं पाऊल थप्प पडत होतं. डावं टेकत होतं, उजवं पडत होतं. थोडंसंच. वारा फिरला की ते जायचं, पुन्हा यायचं. मला वाटलं मला भास होतोय. माझी तान्ही आइनो रात्री रडली नसली तरी मला तिचं रडणं ऐकू येतं. नळ सोडला की त्यात ऐकू येतं, हीटर सुरू झाला की त्यात. सहा महिन्यांपासून मला नाही ते ऐकू येतंय, मग हेही त्यातलंच असेल. पण मार्लोलाही काहीतरी दिसलं होतं. की तीही नुसती मुलींसारखी बोलली?

अकरा वर्षांपूर्वी हेच माझ्या उजव्या खुब्याचं झालं होतं. आधी नुसतं दुखायचं, मांडीच्या आत खोल, दाढ दुखते तसं. आमचे तेव्हाचे हॅगडॉर्न कोच म्हणायचे, "दुखतंय की मोडलंय? दुखत असेल तर पळ, मोडलं असेल तर सांग." हे ते सगळ्यांना म्हणायचे, तीसेक वर्षं म्हणत आले होते, आणि आमच्यापैकी एकीनंही कधी 'मोडलंय' म्हणून सांगितलं नव्हतं, कारण मोडल्यावर कसं वाटतं हे न मोडता कसं कळणार? विभागीय शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिमबाहेरच्या बोळात नेलं. म्हणाले, त्या पायावर उड्या मार. हाडाची ही जुनी परीक्षा आहे, अजूनही सगळे घेतात: एका पायावर उड्या मारायच्या, हाड चिरलं असेल तर माणूस उडी मारूच शकत नाही, तोंड वेडंवाकडं होतं. मी मारल्या. तोंड वेडंवाकडं होऊ दिलं नाही. भिंतीवरच्या पाण्याच्या नळाकडे बघत मारल्या. ते म्हणाले, "चल, जेवायला जा." दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर खुब्यात काहीतरी सुकी काटकी मोडावी तसं झालं, आणि मी एक पाय ओढत शेवटच्या रेषेपर्यंत खाली आले, आणि आम्ही एका गुणानं राष्ट्रीय स्पर्धेला गेलो. म्हणजे त्या गेल्या. माझ्या खुब्यात दोन स्क्रू घातले. मला स्ट्रेचरवरून नेताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं मी जिथं जिथं नोकरी मागायला गेले, उत्तर डकोटात फुकट मदतनीस म्हणून, सकाळी बुटांच्या दुकानात आणि दुपारी ट्रॅकवर, एका हायस्कुलात, दुसऱ्या हायस्कुलात, तिथं मुलाखतीत कुणीतरी पुढं वाकून विचारायचंच, "ती तूच ना?" ती मीच. त्या एका चढानं मला इथपर्यंत आणलं असं म्हटलं तर खोटं नाही. आणि त्याच चढानं मला पुन्हा कधी पळू दिलं नाही हेही खोटं नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे मी अकरा वर्षं पाहतेय. एकीकडे बघितलं की दुसरी दिसत नाही.

गुरुवारी सरावानंतर मी ब्रिनला थांबवलं. तोच बोळ, नळ बदललाय, आता बाटल्या भरायचा आहे.

"पाय कसा आहे?"

"मस्त."

"उजवा?"

तिनं माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. "उजवा मस्त आहे, कोच."

"उड्या मार बघू त्यावर."

"आत्ता?"

"नाही, नाताळात."

ती हसली आणि उड्या मारू लागली. उजव्या पायावर, हलक्या, सरळ, दोरीवर मारतात तशा. मी 'बस' म्हणेपर्यंत मारत राहिली, मग 'बस' म्हटल्यावरही दोन मारल्या. चेहऱ्यावर काही नाही. मी त्या काही नसण्याकडे बघत होते. ज्याचं काहीच दुखत नाही तो इतक्या नीट उड्या मारतो का? तो कंटाळत मारतो, बोलत मारतो, मध्ये नाक पुसतो. की ही मुळातच नीट मुलगी आहे, जेवणातसुद्धा वाटाणे वेगळे करून खाणारी? आमच्या रॉन्डाला, म्हणजे मुलींच्या पायांची जबाबदारी जिच्यावर आहे तिला, मी सांगितलं. ती शनिवारी फुटबॉलवाल्यांबरोबर दुसऱ्या गावी जाणार होती, पट्ट्यांची खोकी भरत होती. "उडी मारली ना? मग काय हवंय तुला?" ती म्हणाली. "एम.आर.आय.ची वेळ मंगळवारच्या आधी मिळत नाही. काइसा, तू झोपतेस का गं?" सगळे मला हेच विचारतात.

घरी माझा नवरा वेस्ली आइनोला खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होता. "तुझ्या अठरा मुली आणि माझी एक," तो म्हणाला, "आणि माझी एक जिंकतेय." ती रडत होती. मी घेतल्यावर थांबली, मग पुन्हा रडली. भूक? पोट? दात? दवाखान्यातली नर्स म्हणते, आईला कळतं. मला कळत नाही. मी तिचं रडणं ऐकते, नीट, कान देऊन, जसा मी पावलांचा आवाज ऐकते, आणि मला त्यात फक्त रडणं ऐकू येतं. वेस्ली म्हणाला, "पळव गं ब्रिनला. ती एकोणीस वर्षांची आहे, बोलता येतं तिला." मी म्हटलं, "मलाही येत होतं." तो मग म्हणाला, "तू नसतीस पळालीस तर आपण भेटलो असतो का?" तो बुटांच्या दुकानात बूट घ्यायला आला होता. मी आइनोला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. हा प्रश्न त्यानं का विचारला, माझ्या बाजूनं की माझ्या विरुद्ध, मला कळलं नाही, आणि त्यालाही कळलं नसावं, कारण तो लगेच उरलेला रस्सा गरम करायला लागला.

शुक्रवारी सकाळी मी बाळाला घेऊन हॅगडॉर्न कोचांकडे गेले. ते गॅरेजसमोर त्यांच्या मासेमारीच्या झोपडीला रंग लावत होते. तळं गोठलं की तीच ओढत बर्फावर नेतात. निवृत्त झाल्यापासून त्यांनी ती तिसऱ्यांदा रंगवली होती.

"थंडीत काय आणलंस तिला? आत ने."

"झोपलीय. कोच, एक विचारायचंय. त्या वर्षी, आदल्या दिवशी, मी तुमच्यासमोर उड्या मारल्या होत्या. आठवतं?"

"उड्या?"

"एका पायावर. जिमच्या बाहेर."

ते ब्रश थांबवून बघत राहिले. "मी सांगितलं होतं तुला मारायला?"

"हो."

"मग बरोबर केलं मी," ते म्हणाले, आणि पुन्हा रंगवायला लागले. मग म्हणाले, "तू मारल्यास?"

"मारल्या."

"मग तूही बरोबर केलंस."

"तुम्हाला कळलं होतं का, की मला दुखतंय?"

ते बराच वेळ एकाच फळीवर ब्रश फिरवत राहिले. "पोरी, मी ती गोष्ट किती जेवणांत सांगितलीय. वार्षिक जेवणं, देणगीदारांची जेवणं. आमच्या हिच्या, लॉरेनच्या प्रेतयात्रेनंतर चर्चच्या तळघरात सँडविच खातानाही कुणीतरी म्हणालं, कोच, ती लेहटोची सांगा ना. आणि मी सांगितली. काही वेळा त्यात मला कळलेलं असतं, कारण नाही कळलं तर मी मूर्ख ठरतो. काही वेळा कळलेलं नसतं, कारण कळलं असेल तर मी हरामखोर ठरतो. समोर कोण बसलंय त्यावर आहे."

"आणि खरं?"

"खरं आता तिथं नाहीच. लॉरेनला त्या वर्षी पहिल्यांदा निदान झालं. मी सकाळी दवाखान्यात असायचो आणि दुपारी तुमच्यात. मला तुझा पाय आठवत नाही. तुझा चेहराही नाही आठवत. गोष्ट आठवते."

अकरा वर्षं मी त्या बोळातला त्यांचा चेहरा वाचत आले होते: त्यांनी बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं, असं एकदा, त्यांनी विश्वास ठेवला, असं एकदा. कधी मी त्यांच्यावर प्रेम करायचे, कधी मला त्यांचा हात हातात घ्यायचीसुद्धा शिसारी यायची, आणि सगळं त्या एका चेहऱ्यावरून. आणि तो चेहरा धरून ठेवणारी या जगात मी एकटीच होते. ते तिथं नव्हतेच. ते दवाखान्यात होते.

"झुपानबद्दल विचारायला आलीस ना," ते म्हणाले. "पळव तिला. विचार, दुखतंय की मोडलंय, आणि ती म्हणेल ते ऐक. त्यापलीकडे गेलीस तर हा धंदा करता येत नाही."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मग तुला प्रत्येकीच्या हाडात शिरावं लागेल. अठरा जणी आहेत." त्यांनी आइनोकडे बघितलं. "अठरा आणि ही."

शर्यत दक्षिणेकडे एका गोल्फच्या मैदानावर होती, गवतावर दंव, पांढऱ्या चुन्याच्या रेघा. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी नेहमीप्रमाणे मार्ग चालून पाहिला होता. ब्रिन माझ्या बाजूनं चालत होती, आणि चालताना काहीच ऐकू येत नव्हतं. शनिवारी सकाळी तंबूत गॅसची शेगडी, केळीच्या ब्रेडचा वास, जोसीची आई सगळ्यांना गरम सफरचंदाचा रस देत फिरत होती. आइनो वेस्लीच्या पोटाला बांधलेली. जुन्या मुली आल्या होत्या, माझ्या वर्षाच्या, त्याच्याही आधीच्या, फिकट झालेली जाकिटं घालून. नावं बदलायची मुदत संपायला थोडा वेळ होता. सात जणी पळणार, आठवी मार्लो, ती राखीव. ब्रिन जमिनीवर बसून खिळ्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती आणि मार्लोच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होती, तोंड उघडून, मान मागं टाकून, आणि तिचे दात मला दिसले, आणि का कुणास ठाऊक मला वाटलं की मी हसत नव्हते. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी हसले नव्हते. की हसले होते? एक फोटो आहे, सुरुवातीच्या रेषेवरचा, त्यात मी हसतेय. मग हसले होते. मी तो फोटो आठवत उभी होते आणि माझं तोंड म्हणालं, "ब्रिन, तू आज पळणार नाहीस."

ब्रिनच्या हातातली नाडी सुटली.

"काय?"

"मार्लो पळेल. मी नाव बदलायला चाललेय."

"पण मी उड्या मारल्या!" ती उभी राहिली. "कोच, मी उड्या मारल्या तुमच्यासमोर!"

"माहीत आहे."

"मग? काय दिसलं तुम्हाला?"

"काही नाही दिसलं."

"मग का?"

मी म्हटलं, "जाकीट घाल, थंडी आहे," आणि चालू लागले, आणि माझ्यामागे मार्लो रडक्या आवाजात म्हणत होती, "मी? मी नाही, कोच, माझ्या पोटात काहीच नाहीये, मी फक्त अर्धं केळं खाल्लंय!" आणि जोसी म्हणाली, "गप गं, बूट घाल."

बंदूक उडाली आणि माझ्या जाकिटाच्या आत दूध सुटलं. दोन्हीकडून, गरम, मग लगेच गार. आवाज झाला की सुटतं. कुणी रडलं की सुटतं. मी जाकीट घट्ट धरून मैदान तिरकं ओलांडत धावले, खुबा ओढत, कोच सगळे तसेच धावतात, एका वळणावरून दुसऱ्या वळणावर, आपल्या मुलींना चार वेळा दिसावं म्हणून. कोण कितवी आहे ते मी त्यांना ओरडून सांगत होते. प्रत्येक वळणावर जिथं ब्रिन असायला हवी होती तिथं दुसऱ्या कॉलेजची मुलगी होती, निळ्या बनियनमधली, आणि मी तिला बघत राहायचे. शेवटच्या चढाशी ब्रिन उभी होती. जाकिटाची चेन नाकापर्यंत ओढलेली. मार्लो आली तेव्हा ती तिच्या बाजूनं पळत ओरडायला लागली, "हात! मार्लो, हात हलव! वर बघू नकोस, हात!" आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ती तिथं पळाली तेव्हा मी ऐकायचा प्रयत्न केला. गवत होतं, गवतावर आवाज येत नाही.

आमचा संघ तिसरा आला. थोडक्यानं. जोसी निकालाच्या फलकासमोर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी होती. तिची ही शेवटची शर्यत होती आणि ते तिला त्याच क्षणी कळत होतं. माझ्या वर्षाची हेडी, जी त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेला गेली होती, माझ्या पायावर, असं मी कधीकधी मनात म्हणते, तिनं माझा दंड धरला. "बाकी कुणी नाही, तूच?" ती म्हणाली. "तू थांबवलंस? काइसा, तू?" ती रागावली होती की तिला रडू येत होतं, मी बघितलं नाही. क्रीडाप्रमुख बाई लांबून हात हलवून गाडीकडे गेल्या. हॅगडॉर्न कोच वेस्लीजवळ उभे राहून आइनोच्या टोपीशी खेळत होते. म्हणाले, "मी पळवलं असतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"म्हणजे तू चुकलीस असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणताय?"

"मी पळवलं असतं, एवढंच म्हणतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपी नीट केली.

रविवारी मी अंथरुणातून उठले नाही. मला हवं होतं की ब्रिनचं हाड चिरलेलं असावं. हे मी स्पष्ट लिहिते कारण ते मला तेव्हा स्पष्ट नव्हतं; मला वाटत होतं की मी तिची काळजी करतेय. मी छतावरच्या डागाकडे बघत एकोणीस वर्षांच्या मुलीच्या नडगीत एक बारीक काळी रेघ काढत होते. मग आइनोला दूध पाजताना एकदम माझ्या लक्षात आलं की मी काय मागतेय, आणि मी तिला बाजूला केलं, ती रडली, पुन्हा घेतलं. मग मी उलटं मागू लागले. मग दोन्ही.

बुधवारी सकाळी रॉन्डाचा फोन आला. "एम.आर.आय. स्वच्छ," ती म्हणाली. "उजवी नडगी, वरपासून खालपर्यंत. काही नाही. पुस्तकात छापावं असं हाड आहे पोरीचं." मी थँक्यू म्हटलं. ती म्हणाली, "काइसा, हे होतं. मी पण पन्नास वेळा चुकलेय." मी फोन ठेवला आणि हसले, आणि ते हसू सुटकेचं होतं असं मला वाटलं, आणि मग ते थांबेना तेव्हा कशाचं आहे ते कळेना. उडी खरी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं कारण काही नव्हतं. मी एका धडधाकट मुलीला तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या सकाळी जाकीट घालून उभं केलं, जोसीचं वर्ष घालवलं, माझी नोकरी बहुतेक घालवली, आणि हे सगळं एका थप्प आवाजासाठी, जो कदाचित वाऱ्याचा होता. किंवा माझा. सायकलचं पायडल मारताना माझा उजवा खुबा कधीकधी वाजतो.

दुपारी ब्रिन ऑफिसात आली. दार उघडंच होतं, तरी तिनं ठोठावलं. बसली नाही. खिडकीतून तळ्यावरचा करडा उजेड तिच्या एका बाजूला पडत होता. ती खरोखरच फार लहान दिसत होती, किंवा मी तिला पहिल्यांदाच तशी बघत होते.

"रॉन्डानं सांगितलं असेल."

"सांगितलं."

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हतीस."

"उजवा मस्त आहे म्हटलं होतं मी. तेव्हा मस्तच होता."

"हो. ब्रिन, मी चुकले. मला माफ कर. जोसीची मी वेगळी माफी मागणार आहे."

ती टेबलावरच्या शिट्टीच्या दोरीकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी भाल्यांची पेटी फरशीवरून ओढत नेत होतं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "तुम्ही असाल तर. मी म्हटलं की मला काही होत नाहीये, तर तुम्ही विश्वास ठेवाल?"

मला हो म्हणायचं होतं. हो म्हणणं बरोबर होतं. तिच्याकडे हाड होतं, चित्र होतं, माझ्याकडे काहीच नव्हतं. कोणताही शहाणा कोच हो म्हणाला असता. हॅगडॉर्न हो म्हणाले असते आणि नंतर विसरले असते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यात नेहमीसारखंच काही दिसलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

ती हलली नाही. मला वाटलं आता ती जाईल, आणि जाऊन सांगेल, आणि पुढच्या वर्षी अर्ध्या मुली दुसऱ्या कॉलेजात असतील. मग ती खुर्चीवर बसली, एकदम, कुणीतरी खांद्यावर दाबून बसवावं तशी, आणि वाकून बूट काढू लागली. नाडी न सोडता, टाचेनं टाच दाबून. मोजा काढला. मी टेबलामागून उठून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, का ते न कळता, बाळाचे मोजे काढायला बसते तशी, आणि माझा हात आपोआप पुढं गेला.

"तो नाही, कोच," ती म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं, तिचे हात गार होते, आणि माझी बोटं उचलून डाव्या घोट्याच्या वर ठेवली. "हा. ऑगस्टपासून."